रस्त्याच्या भरावाचा उतार तपासताना या चुका टाळा

मराठवाड्यात भरावाचे नमुने एप्रिल-मेमध्ये घेणे सोयीचे असते, कारण तेव्हा यंत्र जागेवर सहज पोहोचते. पण उन्हाने टणक झालेल्या काळ्या मातीची ताकद धरून काढलेला सुरक्षा गुणांक (उतार धरून ठेवणारी ताकद भागिले घसरवणारा जोर) पावसाळ्यात टिकत नाही. म्हणून नमुना पूर्ण भिजवून, निचऱ्याला वेळ देत, सावकाश शिअर चाचणी (मातीचा एक भाग दुसऱ्यावरून सरकवून ताकद मोजणे) करावी. दरवर्षी फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या या मातीसाठी कमाल ताकदीऐवजी पूर्ण मऊ पडलेल्या मातीची ताकद धरणेच मला योग्य वाटते.

त्याहून महागात पडते ते भेगांकडे झालेले दुर्लक्ष. साइडपट्टीला समांतर गेलेली दीड मीटर खोल भेग परतीच्या पावसात काठोकाठ भरली, तर रस्त्याच्या दर मीटर लांबीमागे सुमारे ११ किलोन्यूटन, म्हणजे एक टनाहून अधिक, आडवा रेटा येतो. तो हिशेबात नसेल तर १.५ हा सुरक्षा गुणांक कागदावरच राहतो. अर्थात प्रत्येक भेग घसरणीची नसते. भेगेवर आडवी सरळ पट्टी ठेवून पाहावी. दोन्ही काठ एका पातळीत असतील, तर ती बहुधा माती आकसल्याची भेग असते. मात्र उताराकडचा काठ खाली बसला असेल आणि पायथ्याशी माती फुगून वर आली असेल, तर घसरण सुरू झाली आहे असेच समजावे. अशा वेळी वर मुरूम टाकून पातळी जुळवणे घातक ठरते, कारण त्याने माथ्यावरचे वजनच वाढते. आधी भेगेत पाणी शिरणे थांबवावे, अवजड वाहतूक त्या कडेपासून हटवावी आणि पायथ्याला निचरा होणाऱ्या दगडांचा भार द्यावा.

भराव चांगल्या मुरमाचा असला, तरी त्याखालची काळी माती हिशेबातून वगळू नये. घसरण तिच्यातूनही जाऊ शकते, आणि थर पातळ असेल तर ती वर्तुळाकार न जाता थरालाच धरून जाते. त्यामुळे घसरण वर्तुळाकार धरणाऱ्या बिशप पद्धतीने केवळ वर्तुळे तपासणे पुरत नाही.

तपासणीनंतर गटारासाठी किंवा पाइपलाइनसाठी जेसीबीने पायथा खोदला गेला असेल, तर जुना अहवाल बाद धरून भरावाच्या नव्या छेदावर पुन्हा हिशेब करावा. जायकवाडीसारख्या जलाशयाच्या फुगवट्यालगतच्या भरावात पाणी भरलेले असतानाची स्थिती तपासून थांबू नये. पाणी झपाट्याने उतरते तेव्हा बाहेरचा आधार जातो, पण मातीतला पाण्याचा दाब लगेच जात नाही, आणि बहुतेक वेळा तीच स्थिती सर्वांत कमी गुणांक देते.