कपाटातला रोलचा कॅमेरा पुन्हा चालता करताना

आमच्या अंबाजोगाईत उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुणाचं तरी लेकरू आजोळच्या कपाटातला कॅमेरा घेऊन माझ्या दारात येतं. "मामा, हा चालंल का?" मी लग्नाचे फोटो काढायचो, त्यातली पहिली सात-आठ वर्षं रोलवर, म्हणून माझ्याकडं.

परवा आलेला पेंटॅक्स के-१००० होता. १९७६ पासून १९९७ पर्यंत निघालेला हा कॅमेरा. सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागतो, शटर म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा स्प्रिंगवर चालतो. म्हणून सेल उतरला म्हणजे कॅमेरा गेला, असं समजून भंगारात घालू नका. तळाची चकती नाण्यानं फिरवा, आत एलआर-४४ हा छोटा गोल सेल बसतो. हिरवट गंज दिसला तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा आणि वाळू द्या. या कॅमेऱ्याच्या मीटरला बटण नाही. लेन्सवर उजेड पडेल तोवर तो सेल खातो. झाकण लावायची सवय ठेवा.

आता लेन्स काढा, मागचं दार उघडा, शटर १००० वर (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) ठेवा आणि आभाळाकडं धरून दाबा. चौकट या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळली पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर पडदा सुस्त झालाय. मग २५० च्या वर जाऊ नका, तेवढ्यावरही भरपूर काम होतं. एक सेकंदाचं शटर अडकत असेल तर मी तरी दुरुस्तीला पैसे घालणार नाही.

दाराच्या खाचेत काळा फोम असतो. तो जुना झाला की डांबरासारखा बोटाला चिकटतो आणि त्यातून उजेड आत शिरून फोटोवर लाल-पिवळे पट्टे येतात. लाकडी टूथपिकनं खरवडून काढा, पण चुरा शटरच्या कापडावर पडू देऊ नका. त्या जागी काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवला तरी चालतो. मी तेच करतो.

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून बघा. धुळीचे चार कण असले तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. आपली हवा कोरडी खरी, पण पावसाळाभर कातडी कव्हरमध्ये कोंडलेली लेन्स इथंही खराब होते. बुरशी कडेला असली तर फोटोत कळतही नाही. मधोमध असली तर फोटो धुरकट येतो. बॉडी गेलीच असेल तरी लेन्स फेकू नका, अडॅप्टर लावून ती मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर बसते. फोकस मात्र हातानंच.

रोल भरताना घाई नको. केज तालुक्यातल्या एका लग्नात अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, काउंटर छत्तीसच्या पुढं गेला, तरी रोल पुढं सरकवायचं लिव्हर आपलं फिरतंच. पोटात गोळा आला. रोलचं टोक उजवीकडच्या गुंडाळणाऱ्या स्पूलच्या खाचेत धरलंच नव्हतं. एकही फोटो नव्हता. नवरीच्या बापाला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून दार लावलं की आधी डावीकडची रिवाइंडची (रोल मागं गुंडाळायची) कळ हलकी फिरवून रोलचा ढिलेपणा काढतो. मग लिव्हर ओढताना ती कळ उलटी फिरते का ते बघतो. फिरली तर रोल चाललाय.

पहिला रोल आयएसओ चारशेचा (आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती तेज) घ्या, आयएसओची चकती ४०० वर आणा. भर उन्हात लेन्सचं तोंड एफ-१६ वर आणि शटर ५०० वर लावलं की मीटर बंद असला तरी भागतं. फेट्याखाली चेहरा सावलीत असेल तर दोन स्टॉप उघडा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). मीटरवर आंधळा भरवसा ठेवू नका. पांढऱ्या धोतर-टोपीतले आजोबा समोर आले की तो फसतो, फोटो काळवंडतो. काळ्या रानात वखरलेली जमीन चौकटभर असली की उलटं, सगळं फिकट. आपल्या तळहातावर तोच उजेड घेऊन मोजा आणि एक स्टॉप उघडा.

वेरूळला जाणार असाल तर मंगळवार टाळा, बंद असतं. लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, तेव्हा कैलासासाठी दुपार टळल्यावर जा. आणि फोटो काढून झालेला रोल उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत सोडू नका.

रोल संपला की तळाचं छोटं बटण दाबा, कळीची दांडी उलगडा आणि बाणाच्या दिशेनं सावकाश फिरवा. हाताला लागणारा ताण एकदम सुटतो, म्हणजे टोक स्पूलवरून निघालं. त्यावर आणखी दोन फेरे, आणि मगच दार.