इंग्रजी व्हिडिओ बघून कान तयार कसा करावा

सांगलीत शिकायला तासगाव-पलूसकडून एसटीने येणारी मराठी माध्यमाची मुलं मला नेहमी सांगतात, "सर, रोज इंग्रजी व्हिडिओ बघतो, पण बोललेलं कळत नाही." 'नुसतं बघत राहा, आपोआप येईल' हा सल्ला त्यांना कुणीतरी दिलेला असतो. तो सोडून द्या.

विषय आधीच माहीत असलेला व्हिडिओ घ्या. अकरावीत असाल तर शिकवून झालेल्या धड्यावरचा. सुचत नसेल तर बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' लावा. लेखी मजकूर फुकट मिळतो. इअरफोन घाला, कॅप्शन बंद करा.

आता फक्त एक मिनिट ऐका आणि कानावर पडलं तसं वहीत उतरवा. शब्द कळला नाही तर आवाज देवनागरीत लिहा. अडतं ते इथेच, आणि इथेच मुलं कॅप्शन लावून मोकळी होतात. लावू नका! कॅप्शन दिसलं की डोळे वाचतात आणि कान काम सोडतो. हिंदी सबटायटल तर अजिबात नको.

अडण्याचं कारण समजून घ्या. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारतो, आणि शाळेत इंग्रजीही तशीच एकेक शब्द सुटा करून वाचतो. इंग्रजी बोलणारा मात्र महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि मधले बारके शब्द गिळतो. 'आय शुड हॅव टोल्ड हिम' हे पाचही शब्द तुम्हाला येतात, पण कानावर येतं 'आय शुडव टोल्डिम'. शब्दसंग्रह कमी म्हणून कळलं नाही असं समजून मुलं शब्दांच्या याद्या पाठ करत बसतात. त्याने हे सुटत नाही.

तेच मिनिट तीन-चारदा ऐका. नाहीच उलगडलं तर वेग ०.७५ करा, त्याखाली आवाज ताणला जातो. मग इंग्रजी कॅप्शन लावून वही तपासा. यंत्राने आपोआप केलेली कॅप्शन टाळा, त्यात चुका असतात. निसटलेल्या जागांखाली लाल रेघ मारा आणि तेवढीच वाक्यं मूळ वेगात, वक्त्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. गिळलेले शब्द तुम्हीही गिळा. मित्र हसतील, हसू द्या. जे तोंडातून तसं निघतं, ते कानाला लवकर ओळखू येतं.

फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघा.

दुसऱ्या दिवशी एसटीत तेच मिनिट कॅप्शनशिवाय लावा. लाल रेघांच्या जागा सुट्या ऐकू आल्या तर पुढचं मिनिट घ्या, नाहीतर आजही तेच.