ग्रीसमध्ये कॅटमरान घेताय? आधी समुद्र निवडा

मुलंबाळं, आजी-आजोबा घेऊन ग्रीसमध्ये आठवडाभर कॅटमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट, भाड्याने घ्यायची असेल, तर बोटीच्या आधी समुद्र ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेकडच्या एजियन समुद्रावर 'मेल्तेमी' हा उत्तरेचा वारा सुटतो आणि कधी कधी दिवसेंदिवस हटत नाही. सँटोरिनी बेट याच समुद्रात, त्याच्या फोटोंना भुलू नका. पश्चिमेकडची आयोनियन समुद्राची बाजू, म्हणजे लेफकाडा, इथाका, केफालोनिया, त्या मानाने बरीच शांत. बेटं जवळजवळ, वारा बहुतेक दुपारनंतरच.

कॅटमरान एका अंगावर फारशी कलत नाही, चहाचा कप टेबलावरच राहतो. रुंदीमुळे धक्क्यावर जागा मात्र मुश्किलीने मिळते.

परवाना नसेल तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्यावाच लागतो. त्याला एक केबिन आणि आपल्यातलंच जेवण. केबिन मोजताना हे हमखास विसरलं जातं. मुलांची वजनं कळवून लाइफ जॅकेटं आधीच सांगून ठेवा. ताबा घेताना जुना प्रत्येक ओरखडा मोबाइलवर टिपा, बोटीसोबतच्या छोट्या होडीचं इंजिन स्वतः चालू करून पाहा, नाहीतर परतताना अनामत रक्कम अडकते. आणि टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही, हे पोरांना पहिल्याच संध्याकाळी बजावा. पाइप अगदी अरुंद असतो.