चौकटीचा कुजलेला पाय कसा बदलावा

कोकणातल्या जांभ्याच्या घरात दाराची चौकट कुजते ती बहुधा खालून, जमिनीलगतच्या पाच-सहा इंचांत. वरचा साग किंवा फणस ठणठणीत असतो, तरी अख्खी चौकट उखडून लोखंडी बसवली जाते. चांगल्या लाकडाचं असं नुकसान करायची काही गरज नाही. कुजका भाग कापून तिथे नवा तुकडा सांधता येतो. हत्यारं हाताळायला नुकती सुरुवात केलेल्यालाही हे काम जमतं, फक्त घाई नको.

आधी पाय का कुजतो ते पाहू. लाकूड बाजूने पाणी कमी पितं, आडव्या कापलेल्या टोकाने मात्र भरपूर, कारण खोडातून पाणी नेणाऱ्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. तेच टोक गवंडी सिमेंटमध्ये गाडतो. मग लादी धुतलेलं पाणी आणि पागोळ्यांचे शिंतोडे तिथे साचतात आणि पाय चार महिने ओला राहतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून नवा पाय कोरडा राहील अशी सोय केली नाही, तर नुसतं लाकूड बदलून उपयोग नाही.

काम फेब्रुवारी ते मे या काळात करा. पावसात लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा घट्ट बसवलेला सांधा उन्हाळ्यात फट दाखवतो.

तपासणी

जाड टोचणी किंवा जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खालून वर टोचत जा. जिथे टोक आत शिरत नाही तिथून चांगलं लाकूड सुरू झालं. त्याच्याही दोन इंच वर खूण करा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. आधी तिचा बंदोबस्त करा. दारावरच्या भिंतीला तिरकी चीर असेल तर चौकटीवर भार आला आहे असं समजा आणि गवंड्याला दाखवल्याशिवाय करवत लावू नका. खाली लाकडी उंबरठा असेल तर पाय त्यात कुसवलेला, म्हणजे भोकात घुसवून बसवलेला असतो. ते काम सुतारावर सोपवलेलं बरं.

कापणी

दार बिजागऱ्यांसकट उतरवा. चौकटीलगतचा गिलावा दीड-दोन इंच खरवडला की करवतीला जागा होते. त्या जागेत होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आहे का तेही तेव्हाच कळतं.

चौकट ४ × २.५ इंचांची, म्हणजे भिंतीच्या जाडीच्या दिशेने ४ इंच, असं धरू. खुणेवर पाय आडवा कापा. मग घराच्या आतल्या बाजूने जुन्या खांबाची अर्धी जाडी, म्हणजे २ इंच, कापापासून वर ८ इंचांपर्यंत काढा. त्यासाठी अर्ध्या-अर्ध्या इंचावर २ इंच खोल आडवे काप घ्या, मधले तुकडे पटाशीने उडवा आणि तळ पटाशीनेच सपाट करा. भिंतीकडची कड करवतीला सापडत नाही. ती पूर्ण पटाशीची.

जुन्या लाकडाची अर्धी जाडी बाहेरच्या बाजूलाच राहिली पाहिजे. तशी ती राहिली की बाहेरचा सांधा सगळ्यात खाली येतो आणि आत शिरायचं तर पाण्याला वर चढावं लागतं. उलट केलंत तर ओघळणारं पाणी थेट सांध्यात उतरेल. बाहेरचा आडवा काप सपाटही ठेवू नका, २ इंचांत अर्धा इंच बाहेर उतार द्या.

नवा तुकडा

मूळ चौकट ज्या लाकडाची तेच घ्या, पूर्ण वाळलेलं. पाडलेल्या घराचा जुना साग मिळाला तर उत्तम. आंब्याचं लाकूड नको, त्याला भुंगा लवकर लागतो. त्याच्या वरच्या ८ इंचांत बाहेरची अर्धी जाडी काढा आणि त्या कापालाही तोच उतार द्या, म्हणजे उरलेली आतली जीभ जुन्या खांबात काढलेल्या जागेत बसेल. दार टेकतं ती खाच जुन्या खांबावरून मोजून नव्या तुकड्यातही काढा.

पायाखाली कडाप्प्याचा किंवा काळ्या दगडाचा तुकडा, लादीपेक्षा साधारण अर्धा इंच वर राहील असा, मसाल्यात बसवून घट्ट होऊ द्या. मगच लाकडाची लांबी मापून कापा. तुकड्याच्या खालच्या टोकाला इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात जिरल्यावर पुढचा.

गोंद लावण्याआधी कोरडा जोड बसवून बघा. एका बाजूला खडू घासा, तुकडा दाबा आणि काढा. समोर जिथे खडू उमटला तो उंचवटा. तेवढाच पटाशीने सोला. बहुतेक सगळीकडे खडू उमटेपर्यंत हे करत राहा. इथे घालवलेला तास वाया जात नाही.

सांधणं

साग तेलकट असतो, त्यामुळे गोंद धरत नाही. दोन्ही बाजू थिनरने पुसा, सुकू द्या आणि लगेच इपॉक्सी लावा. आतल्या बाजूने ३ इंची चार स्क्रू नागमोडी मारा, सरळ ओळीत मारले तर लाकूड चिरतं. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा. साधे लोखंडी खिळे-स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात आणि सागावर काळे ओघळ सोडतात. समुद्र जवळ असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या. पितळी वापरायचे तर त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी फिरवून आटे पाडा, नाहीतर पितळेचं डोकं तुटतं. ओळंबा लावा, क्लॅम्प आवळा आणि २४ तास हात लावू नका.

भिंतीची फट भरताना मसाला पायाच्या टोकापर्यंत नेऊ नका. तिथे हवा खेळली पाहिजे.

रंग आणि दार

न दिसणाऱ्या मागच्या बाजूला, तुकडा बसवण्यापूर्वी, काजूच्या टरफलाचं तेल लावता येतं. होड्यांना लावतात तेच. हातमोजे घाला, कातडीवर फोड येतात. गोंदाच्या जागी त्याचा थेंबही नको. दिसणाऱ्या भागाला प्रायमर आणि ऑइलपेंटचे दोन हात.

दार चढवताना कुलपाच्या बाजूला ४-५ मिलिमीटर फट ठेवा. पावसात ती निम्मी होते. दाराच्या वरच्या-खालच्या कडाही रंगवा. रंगारी त्या हमखास सोडतात आणि दार फुगतं ते तिथूनच पाणी पिऊन. दर मे महिन्यात टोचणी घेऊन पाय तपासा, सांध्यावरचा रंग तडकला असेल तर पावसाआधी एक हात मारा.