जुनं प्रेसिंग भारी की रीमास्टर? निकाल देण्याआधी या चुका टाळा

कोथरूडला एका मित्राकडे रविवारची जेवणं झाली की हमखास रेकॉर्ड लागतात. मागे त्याने किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ची जुनी एलपी लावली, मग त्यातलंच गाणं फोनवरून रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्याने सुधारलेल्या आवृत्तीत, वाजवलं आणि म्हणाला, “ऐक, ड्रम कसे अंगावर येतात! उगाच जुन्या तबकडीत पैसे घातले.” मी काही न बोलता अँप्लिफायरचा आवाज जरासा उतरवला आणि तोच तुकडा पुन्हा लावला. अंगावर येणारे ड्रम मुकाट सोफ्यावर जाऊन बसले.

आवाज न जुळवता ऐकणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मीही ती कित्येक वर्षं केली. थोडा मोठा आवाज कानाला ‘मोठा’ वाटत नाही. तो ‘स्पष्ट’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ वाटतो. फरक एका डेसिबलचा असला तरी पुरतो. त्यात नव्वदच्या दशकापासून निघालेल्या बऱ्याच रीमास्टर सीडींची पातळी ऐंशीच्या दशकातल्या सीडींपेक्षा चढी ठेवलेली आहे. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच एकजण चार पावलं पुढे.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. दोन्ही आवृत्त्यांचा एकच तुकडा संगणकात घ्या आणि ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने दोन्ही सारख्या पातळीवर आणा. इथे एक खड्डा आहे. त्याच यादीत साधं ‘नॉर्मलाइझ’ही असतं आणि लोक तेच दाबतात. ते फक्त सर्वांत उंच शिखर जुळवतं. एलपीवरच्या धुळीचा एखादा ‘टक्’ हेच सर्वांत उंच शिखर असेल, तर बिचारं गाणं त्याच्या खाली दबूनच राहतं.

मग बदलाबदली दुसऱ्या कुणाला करायला सांगा आणि आपण पाठ फिरवून बसा. दहा वेळा ओळखा. पाचच बरोबर आली, तर नाणेफेक करूनही तेवढीच आली असती. माझी पहिल्यांदा सहा आली होती. घरात अजून त्यावरून बोलणी खातो.

रीमास्टर आणि रीमिक्स एकच समजणं

तयार आमटीत वरून मीठ-तिखट घालणं म्हणजे रीमास्टर. पुन्हा फोडणीपासून सुरुवात म्हणजे रीमिक्स. रीमास्टरमध्ये हातात असते ती तयार स्टीरिओ टेप, तिचा स्वर आणि पातळी फक्त सुधारतात. रीमिक्समध्ये मल्टिट्रॅक टेप, म्हणजे वाद्यं वेगवेगळी नोंदवलेली टेप, उघडून ड्रम, बास, मेलोट्रॉन (टेपवर चालणारं की-बोर्ड वाद्य), गळा असं सगळं नव्याने जुळवतात. जुने अल्बम नव्याने मिक्स करणाऱ्या स्टीव्हन विल्सनची कामं, म्हणजे २००९ चं ‘क्रिमसन किंग’, २०११ चं जेथ्रो टलचं ‘अ‍ॅक्वालंग’, २०१३ चं येस या बँडचं ‘क्लोज टू द एज’, ही सगळी रीमिक्स आहेत. जेनेसिस बँडच्या २००७-०८ च्या, ध्वनितंत्रज्ञ निक डेव्हिसने केलेल्या आवृत्त्याही तशाच. “रीमास्टरमध्ये गिटार डावीकडून मध्ये कशी आली?” असा प्रश्न पडला, तर बहुधा तुमच्या हातात रीमास्टर नाहीच.

‘क्रिमसन किंग’मधल्या ‘मूनचाइल्ड’ या गाण्याचंच बघा. मूळ तबकडीवर ते बारा मिनिटांहून लांब आहे, २००९ च्या मिक्समध्ये साधारण नऊ मिनिटांचं. मधला रेंगाळणारा भाग कापला आहे. इथे कुठली छपाई सरस हा वादच गैरलागू, कारण ऐकतोय तो ऐवजच निराळा. (मला तो कापलेला भाग आवडतो. पण ही आवड झाली, तुलना नव्हे.)

खरोखर तुलना करायची असेल, तर विल्सनच्या ‘क्लोज टू द एज’चा ब्लू-रे संच मिळवा. त्यात नव्या मिक्सबरोबर मूळ मिक्सची ‘फ्लॅट ट्रान्सफर’ही आहे, म्हणजे टेपवरचं आहे तसं उतरवलेलं, वरून काही न चोपडलेलं. एकाच यंत्रावर दोन्ही ऐकता येतात.

कुठल्या टेपवरून, हे न विचारणं

“सीडीवर क्रिमसन किंग निर्जीव वाटतो, एलपीची बातच और,” असं मीही छातीठोकपणे सांगायचो. माझी सीडी होती ऐंशीच्या दशकातली. त्या काळात या अल्बमची पहिल्या पिढीची, म्हणजे प्रत नसलेली मूळ, स्टीरिओ मास्टर टेप हरवलेलीच होती. सीडी निघत होत्या त्या प्रतीच्या प्रतीवरून. मूळ टेप पुढे सापडली आणि २००४ ची आवृत्ती तिच्यावरून निघाली. ती ऐकली आणि वीस वर्षांची माझी फुशारकी गेली. दोष सीडीचा नव्हता, तिला जे खायला घातलं त्याचा होता. रीमास्टर म्हणजे गळचेपीच, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

जुनी दिसते म्हणून ‘ओरिजिनल’

कव्हरवरचं साल अल्बमचं असतं, त्या प्रतीचं नव्हे. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’च्या कव्हरवर कुठल्याही दशकात १९७३ च दिसणार. पहिली ब्रिटिश छपाई ओळखायची तर लेबलवरचा त्रिकोण पूर्ण निळा भरलेला हवा आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या कड्यात ए-२ आणि बी-२ हे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे छपाईच्या साच्याची ओळख, हवेत. तबकडी उजेडात तिरकी धरा, कोरलेली अक्षरं दिसतात. तेवढ्यासाठी विक्रेत्याकडे फोटो मागायला लाजू नका. मी एकदा लाजलो आणि पहिल्या छपाईच्या भावात बरीच उशिराची प्रत घरी आणली.

आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणाऱ्या विलायती बँडच्या एलपी पुष्कळदा भारतातच छापलेल्या असतात. त्या जपून ठेवण्याजोग्या आहेत, पण त्या ऐकून ‘ब्रिटिश ओरिजिनल’बद्दल मत बनवू नका.

यंत्राचा दोष तबकडीच्या माथी

एलपीचा वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, पण सुईखालून खोबण सगळीकडे सारख्या वेगाने धावत नाही. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर, आतल्या कडेला जेमतेम २१. तेवढ्याच आवाजासाठी आत जागा कमी, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’, ‘श’ आणि झांजा फाटतात. सुई झिजली असेल किंवा कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग, तिरकं बसलं असेल, तर जास्तच. म्हणून तुलनेसाठी तुकडा निवडायचा तो बाजूच्या सुरुवातीचा. जेनेसिसच्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’सारखी ५३ मिनिटांहून लांब एलपी तर मुळातच हलक्या पातळीवर कोरावी लागते, नाहीतर खोबणी मावणार कुठे?

वेगही तपासा. अर्धा टक्का कमी पडला तरी गाणं किंचित उतरलेलं, सुस्त वाटतं आणि खापर जुन्या छपाईवर फुटतं. स्ट्रोब डिस्क म्हणजे टर्नटेबलवर ठेवून विजेच्या दिव्याखाली बघायची रेघांची चकती; वेग बरोबर असला की रेघा स्थिर दिसतात. तिच्यावर दोन वर्तुळं असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून १८० रेघांचं वर्तुळ बघायचं. २१६ रेघांचं अमेरिकेतल्या ६० हर्ट्झसाठी असतं. अमेरिकेहून कुणी जुनं टर्नटेबल आणलं असेल आणि त्याची मोटर विजेच्या हर्ट्झवर चालणारी असेल, तर इथे गाणं सहाव्या हिश्शाने मंद वाजेल, मग ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज कितीही जुळवा.

दोन लहान खाचखळगे

इंटरनेटवरचे ‘डीआर’ (डायनॅमिक रेंज, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातलं अंतर) आकडे बघून एलपीला विजयी घोषित करू नका. एकच डिजिटल मास्टर एलपीवर कोरून परत संगणकात घेतला, तरी आकडा पुष्कळदा वाढलेला दिसतो. कोरण्या-वाजवण्यात लहरींचा आकार बदलतो, दबलेलं संगीत काही त्यामुळे मोकळं होत नाही. आणि काही जुन्या सीडींवर ‘प्री-एम्फसिस’ असतं, म्हणजे वरचे स्वर मुद्दाम चढवून ठेवलेले. प्लेअर ते ओळखून उतरवतो, पण संगणकावर कॉपी करताना सुटलं तर आवाज किनरा, टोचरा येतो आणि आपण पहिल्या सीडीलाच नावं ठेवतो.

कोथरूडच्या मित्राची आणखी एक तक्रार होती. ‘ट्वेंटिफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’मध्ये गळा फाटतो, तबकडी खराब आहे. तबकडी धुऊन झाली, नवी सुई बसवून झाली, विक्रेत्याशी फोनवर भांडूनही झालं. गळा फाटलेलाच. गायक ग्रेग लेकचा तो आवाज १९६९ मध्ये मुद्दामच फाडलेला होता. नवी सुई मात्र अगदीच वाया गेली नाही. त्याच बाजूच्या शेवटी ‘एपिटाफ’ आता पहिल्यांदाच न खरखरता संपतं.