अख्ख्या घरानं मिळून सामने कसे बघावेत

स्वयंपाकघराच्या दारामागं कालनिर्णय टांगलेलं असतं, तिथूनच सुरुवात करा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळ्यांनी त्याच्यापुढं जमायचं आणि कुठले सामने एकत्र बघायचे ते पेनानं लिहून टाकायचं. मोबाइलमधला अलार्म एकट्याला वाजतो, भिंतीवरचं सगळ्यांना दिसतं. कुणाचा क्लास, कुणाची रात्रपाळी, कुणाची भिशी आड येते तेही तिथल्या तिथे कळतं. आमच्या नेरुळच्या घरात सहा माणसं, आणि ठाण्याहून दीर-जाऊ मुलांना घेऊन येतात ती चार. एवढ्या जणांचं ‘जमेल तसं बघू’ म्हटलं की कुणाचंच जमत नाही.

वेळ लिहिताना आपली वेळ लिहा. जपान आपल्या साडेतीन तास पुढं आहे आणि तिकडच्या उन्हाळ्यात पॅरिस तेवढंच मागं. म्हणून टोकियो ऑलिंपिकमधल्या रात्रीच्या फायनल आपल्याकडे चहाच्या वेळेला यायच्या आणि पॅरिसमधल्या झोपायच्या वेळेला. २०२६ च्या आशियाई स्पर्धा जपानमध्ये आइची-नागोयाला १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर अशा आहेत आणि गणपती १४ सप्टेंबरला बसतात. ज्यांच्याकडे दहा दिवसांचा गणपती आहे त्यांनी आरती आधी की फायनल आधी, हे घरातल्या मोठ्यांना विचारून आत्ताच ठरवावं, ऐनवेळी कुरबूर नको. २०२८ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक जुलैत आहे, तेव्हा ते शहर आपल्या साडेबारा तास मागं असेल. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात, म्हणजे बरोबर डबे भरायची वेळ. त्या पंधरवड्यात डब्याची तयारी आदल्या रात्री करावी लागेल.

सगळं बघायचा हट्ट धरू नका. ऑलिंपिकच्या उद्घाटनाचं संचलन बघा. त्यात ग्रीस पहिला येतो, यजमान शेवटी, आणि मधले बहुतेक देश यजमानांच्या भाषेच्या वर्णक्रमानं. मुलांच्या हातात जगाचा नकाशा दिलात तर ते दोन-तीन तास सहज जातात. मग आपल्या खेळाडूंचे चार-पाच सामने निवडा.

आणि एक खेळ असा निवडा, जो घरात कुणालाच येत नाही. माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे. क्रिकेट लागलं की आमच्याकडे दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात, कारण त्यांना सगळं माहीत असतं. अनोळखी खेळापुढं मात्र पंचाहत्तरीचे सासरे आणि पाचवीतला नातू एकाच बाकावर येतात. दोघंही विचारतात, दोघंही चुकतात.

त्यासाठी आदल्या रात्री अर्धा तास काढून नियम समजून घ्या, जमल्यास हातानं करून. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसळेची ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल होती. आम्ही आदल्या रात्री हॉलमध्ये गादी टाकली. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं झोपून, शेवटी उभं राहून नेम धरायचा असतो. रायफल म्हणून लाटणं घेतलं. सासूबाईंनी ते खांद्याला लावलं, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, “उभ्यानं हात थरथरतो गं.” एका वाक्यात त्यांनी खेळाचं मर्म सांगितलं. उभ्यानं नेम धरणं सगळ्यात कठीण, आणि ती फेरी शेवटी असते. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण, आणि शेवटी शेवटी तर प्रत्येक गोळीनंतर एक जण बाहेर पडतो, एवढं कळलं तरी पुरतं.

फायनल गुरुवारी दुपारी एकला. आम्ही सगळे कामावर, घरात फक्त आजी-आजोबा आणि सकाळच्या शाळेतून आलेला नातू. पहिल्या दोन फेऱ्यांत स्वप्नील मागं होता, उभ्यानं मात्र वर चढला आणि ४५१.४ गुणांवर त्यानं कांस्य घेतलं. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीचं कांस्य आणलं होतं, आणि त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्रातल्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळत होतं. सासरे सातारा जिल्ह्यातले. त्यांनी नातवाला खाशाबांची सगळी हकीकत त्याच दुपारी सांगितली. संध्याकाळी आम्ही घरी आलो, तर पोरगं ती आम्हाला सांगायला दारातच उभं होतं.

आता टीव्हीचं. थेट सामना शक्यतो डिश किंवा केबलवर बघा, अ‍ॅपवर नको. अ‍ॅपवर चित्राचे बारीक तुकडे होऊन इंटरनेटवरून येतात आणि थोडे साठल्यावर दिसतात, त्यामुळे कधी कधी तीस-चाळीस सेकंद उशीर होतो. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची फायनल आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवरच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होती. तिकिटं मिळाली नव्हती, म्हणून घरी दहा जण जमलो. पावसामुळं तीनचा सामना पाचला सुरू झाला. भारताच्या २९८ धावा झाल्या. दक्षिण आफ्रिकेची पहिली जोडी खेळत असताना खिडकीतून एकदम गर्जना आली. पडद्यावर गोलंदाज अजून चालत परतत होती. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो, आणि अर्ध्या मिनिटानं अमनजोतच्या थेट फेकीवर ताझमिन ब्रिट्स धावबाद झाली. आनंद झाला, पण शिळा. लेकीनं लगेच उठून सेट टॉप बॉक्सची वायर जोडली. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतनं मागं पळत शेवटचा झेल घेतला, तेव्हा खिडकी आणि टीव्ही जवळजवळ एकदमच ओरडले.

स्टेडियम शेजारी नसलं तरी शेजारचा फ्लॅट असतोच, आणि गावचा चुलतभाऊ ग्रुपवर अभिनंदन टाकायला टपलेला असतो. म्हणून सामन्यापुरते सगळ्यांचे फोन आवाज बंद करून टीव्हीच्या कपाटावर पालथे. डिशचा रिचार्ज दोन दिवस आधी बघून घ्या. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा टीव्ही इन्व्हर्टरवर आहे ना तेही तपासा.

पुढची गोष्ट स्वयंपाकघराची, आणि ही चुकीतून शिकलो. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राची दुसरी फेक ८७.५८ मीटर गेली, सुवर्णपदक तिनंच दिलं. ती फेक घरात सगळ्यांनी पाहिली, सासूबाई सोडून. त्या आमच्यासाठी चहा गाळत होत्या. गाळणं हातात तसंच धरून धावत आल्या, तोवर नीरज परत फिरला होता. रिप्ले दाखवला, पण त्यांचा चेहरा मी विसरलेली नाही.

तेव्हापासून सामन्याच्या अर्धा तास आधी गॅस बंद म्हणजे बंद. चहा थर्मासमध्ये. भेळेचं साहित्य डब्यांतून मधोमध ठेवायचं: कुरमुरे, फरसाण, चिरलेला कांदा, उकडलेला बटाटा, आदल्या दिवशी केलेल्या दोन चटण्या. ज्याला भूक लागेल त्यानं आपली आपण कालवावी. विश्रांतीच्या वेळात भांडी पुरुष आणि मुलं उचलतात. सामना रात्री उशिरा संपणार असेल तर पाहुण्यांच्या गाद्या आधीच काढून ठेवा. ठाण्याची शेवटची लोकल चुकेल म्हणून चुलबुळणाऱ्या माणसाला शेवटची षटकं गोड लागत नाहीत.

शेवटी एक वही ठेवा, साधी दोनशे पानी. तारीख, खेळ, निकाल आणि हजर कोण कोण, एवढंच लिहायचं. लिहिण्याचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे द्या, शुद्धलेखन तपासू नका. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर नीरजच्या नावापुढं ‘आजी – चहा’ असं आहे. २ नोव्हेंबरच्या पानावर दहा नावं आहेत, आणि आजीचं सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित.