विमानाची लिफ्ट समजून घेताना या चुका टाळा

दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात अकरावीच्या मुलांना घेऊन गेले की मी एक प्रश्न हमखास विचारते: हा पंख एवढं वजन कसं उचलतो, म्हणजे त्याला वर उचलणारं बल, लिफ्ट, येतं कुठून? उत्तर तयारच असतं. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेची वाट लांब. खालच्या हवेबरोबर मागच्या कडेला पोचायचं म्हणून ती जोरात धावते, आणि वेग वाढला की दाब कमी होतो. एकदा एका मुलीनं विचारलं, "पण टीचर, दोघींनी एकदमच पोचायला हवं हे ठरवलं कोणी?"

कोणीच नाही. चूक नेमकी तिथं आहे, आणि ती इतकी पसरली आहे की आधी तीच दुरुस्त करायला हवी. शेवटी दाबाची दिशा बरोबर येते, म्हणून कोणी आकडे घालून बघत नाही. आपण घालू. सेसना १७२ हे छोटं विमान घ्या: जास्तीत जास्त वजन सुमारे १,१११ किलो, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १६.२ चौरस मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरनं सुमारे ६७३ न्यूटन पेलायचे. वेग सेकंदाला ५५ मीटर आणि वरची वाट खालच्यापेक्षा २ टक्के लांब धरली, तर 'एकदम पोचण्या'च्या हिशेबानं वरची हवा ५६.१ मीटरनं धावेल. वेग आणि दाब यांचं नातं सांगणाऱ्या बर्नुलीच्या समीकरणात हे आकडे घातले की दाबातला फरक येतो अवघा ७५ पास्कल, म्हणजे चौरस मीटरला ७५ न्यूटन. लागणार होता त्याचा नववा हिस्सा! खालच्या हवेचा वेग तसाच धरला तर वरची हवा सरासरी ६४ मीटरनं, म्हणजे १७ टक्के जास्त वेगानं जायला हवी. विंड टनेलमध्ये, म्हणजे पंखावरून वारा सोडून बघायच्या बोगद्यात, धुराचे पुंजके सोडून पाहिलं तर तसंच काहीसं दिसतं: वरची हवा खालच्या सोबतिणीची वाट बघत नाही, तिच्या बरीच आधी मागची कड ओलांडते. बर्नुली चुकलेला नाही. त्याच्या हाती आपण दिलेला वेग चुकीचा आहे.

मग वेग वाढतो कशानं? अनमोड घाटातलं वळण आठवा. बस वळते ती तिला वळणाच्या आतल्या बाजूला ढकलणारं बल मिळतं म्हणून. पंखावरून जाणारी हवाही पंखाला धरून खाली वळते. तिला वळवायला बाहेरचा दाब जास्त आणि पंखालगतचा कमी असावा लागतो. या कमी दाबाकडे समोरून येणारी हवा ओढली जाते आणि वेग घेते. खालच्या बाजूला दाब वाढतो. एकूण हवा खाली लोटली जाते, पंख वर.

इथं दुसरी चूक होते: अर्धी लिफ्ट बर्नुलीची, म्हणजे दाबातल्या फरकाची, आणि अर्धी न्यूटनची, म्हणजे हवा खाली लोटल्याची. तसं नाही. पृष्ठभागावरच्या दाबाची बेरीज करा किंवा हवेला मिळालेला खालच्या दिशेचा संवेग मोजा, बल तेच येतं. दोन्ही मिळवलीत तर एकच माप दोनदा मोजलंत.

कागदाच्या पट्टीवरून फुंकर मारून 'हाच बर्नुली' म्हणू नका. तोंडातून सुटलेल्या झोताचा दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो. पट्टी सरळ खाली लोंबती धरून एकाच बाजूनं फुंका, ती झोताकडे ओढली जात नाही. वाकलेली पट्टी उचलली जाते, कारण झोत तिच्या वळणाला धरून वळतो.

गणितात अडतं कुठं

लिफ्ट = ½ × हवेची घनता × वेग² × पंखाचं क्षेत्रफळ × लिफ्ट गुणांक (पंखाचा आकार आणि कोन यांवर ठरणारा आकडा).

उत्तर सुमारे १३ पट मोठं आलं, तर वेग ताशी किलोमीटरमध्येच राहिला आहे, ३.६ चा वर्ग १२.९६. गुणांक ३१ च्या घरात आला, तर '२ × पाय (π) × कोन' या गुणांकाच्या सूत्रात पंखाचा समोरच्या हवेशी असलेला ५ अंशांचा कोन तसाच घातलात. रेडियनमध्ये ते ०.०८७ होतात आणि गुणांक ०.५५ येतो. तोही अनंत लांबीच्या पंखाचा. खऱ्या पंखाच्या टोकांशी हवा खालून वर वळसा घेते, म्हणून सेसनासारख्या पंखाला ०.४३ च्या आसपास धरा. घनता घनमीटरला १.२२५ किलो ही १५ अंश सेल्सिअसची. आपल्याकडच्या ३५ अंशांच्या दुपारी ती १.१५ च्या आसपास उतरते.

'स्टॉल' म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंखाचा समोरच्या हवेशी असलेला कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की वरची हवा पंख सोडते आणि लिफ्ट कोसळते. इंजिन गरजत असतानाही हे होतं. वेग निम्मा झाला की तेवढ्याच लिफ्टसाठी गुणांक चौपट लागतो. उतरणारं विमान नाक थोडं वर ठेवून, पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा (फ्लॅप) खाली सोडून येतं ते त्यासाठीच.

थर्माकोलचं ग्लायडर पडत असेल तर

नाक वर करून थबकतं आणि आपटतं? तो स्टॉल. नाकाला थोडी माती लावा. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिस्स्यावर यायला हवा. सरळ खाली सूर मारत असेल तर माती कमी करा किंवा शेपटीची मागची कड किंचित वर वाकवा. एका अंगाला कलंडत असेल तर समोरून डोळा लावून पंखाला पीळ पडलाय का ते बघा.

सगळं नीट असूनही मिरामारच्या किनाऱ्यावर पडत असेल, तर तुम्ही बहुधा समुद्राकडे पाठ करून फेकताय. पंखाला वाळूवरचा वेग कळत नाही, हवेतला कळतो. हात सेकंदाला ६ मीटरनं फेकतो आणि वारा ३ मीटरचा आहे असं धरा. वाऱ्याच्या दिशेनं फेकलंत तर पंखाला ३ मिळतात, समोरून फेकलंत तर ९. वेग तिप्पट, त्याच कोनात लिफ्ट नऊपट. दुपारनंतर वारा समुद्रावरून येतो, तेव्हा तोंड पाण्याकडे करा आणि नाक सपाट धरून हलकेच सोडा.